टायपिंगवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

प्रबंध परवा जमा झाला. आभाराच्या पानावर तुमचं नाव होतं, ते "कायले पाहिजे" म्हणत तुम्हीच काढायला लावलंत. म्हणून हे पत्र, तेही बिननावाचं.

नागपूरच्या बंद पडलेल्या एम्प्रेस कापड मिलच्या जुन्या कामगारांच्या घरच्या 18 मुलाखती घेऊन मी सीताबर्डीला तुमच्या टेबलापाशी आलो. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला माझे पाच-सहा तास जात होते, म्हणून टाइप करणारा माणूस हवा होता, बस. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "हे 'मले', 'काऊन' तसंच ठेवू का?" मी मोठ्या शहाणपणानं 'शुद्ध करा' म्हणालो. तुम्ही ऐकलं नाहीत, हे किती बरं झालं!

तिसऱ्या मुलाखतीत एक आजी म्हणाल्या होत्या, "भोंगा बंद झाला अन् घरातलं घड्याळच गेलं." समासात मी कोड, म्हणजे बोलण्याचा आशय सांगणारा शब्द, टाकला होता 'बेरोजगारी'. तुम्ही 'भोंगा'खाली लाल रेघ मारलीत. "ही बाई पगाराचं नाही बोलून राहिली, सर."

मग बाकीचे कागद पुन्हा काढले. भोंगा अकरा मुलाखतींत निघाला. डबा भोंग्यावर, पोरांची शाळा भोंग्यावर, सासूचा चहासुद्धा. बोलणाऱ्याचाच शब्द कोड म्हणून ठेवायचा, याला 'इन व्हिवो' कोडिंग म्हणतात. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी 1967 मध्ये मांडलेल्या ग्राउंडेड थिअरीच्या, म्हणजे मिळालेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करण्याच्या, परंपरेतली ही रीत मी परीक्षेपुरती पाठ केली होती. 'बेरोजगारी' फोडली, तर आत तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या: पगार, वेळ आणि किराणा दुकानातली उधारीची पत.

आणि तुमचे ते कंस! '(9 सेकंद गप्प)'. त्याखाली, '(सर मधातच बोलले)'. काय बोललो होतो? "तुम्हाला फार वाईट वाटलं असेल ना?" आजोबा "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्या 'हो'ला काडीची किंमत नव्हती. पाचपावलीला त्यांच्याकडे पुन्हा गेलो. "मग काय झालं?" एवढंच विचारलं आणि तोंड मिटून बसलो. बराच वेळ गेला. आजोबा उठले, आत गेले आणि ट्रंकेतून मिलचा बिल्ला घेऊन आले. पुढची चाळीस मिनिटं मला प्रश्नच विचारावा लागला नाही.

शेवटच्या दोन फायलींचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. सोमवारी घेऊन येतो. तेव्हा 'कायले' म्हणू नका.

तुमचा,
मधात बोलणारा