नमुना शेवटच्या नळाचा घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहराचे पाणी तपासले, ते पिण्यास योग्य आहे, नागरिकांनी घाबरू नये, अशी बातमी कालच्या अंकात तिसऱ्या पानावर वाचली. वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून आज हे पत्र लिहायला बसलो. नमुना कोणत्या नळाचा घेतला हे बातमीत नाही. कोणत्या दिवशी घेतला हेही नाही आणि त्यात क्लोरीन किती निघाला हेही नाही. मी ३१ वर्षे आरोग्य सेवक म्हणून नोकरी केली. विहिरींत टीसीएल (क्लोरीनची भुकटी, म्हणजे ब्लीचिंग पावडर) टाकली, हातपंपांचे नमुने घेतले, ओटीची (पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणाऱ्या द्रावणाची) बाटली खिशात घालून सायकलवर वाड्यावस्त्या हिंडलो. त्या अनुभवावरून सांगतो, एवढी माहिती नसेल तर ‘पाणी योग्य आहे’ या शब्दांवर कोणीही विश्वास ठेवू नये.

बातमी वाचून काल दुपारी मी अहवालाची प्रत मागायला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेलो. तिथे मला प्रत मिळाली नाही. टेबलावरचा तुमचाच अंक माझ्यापुढे सरकवला आणि ‘पेपरला आलंय की काका,’ असे सांगितले. साहेब, मला सगळ्यात जास्त लागले ते हे. तुम्ही त्यांच्या तोंडी माहितीवरून बातमी छापली आणि आता तीच बातमी ते अहवाल म्हणून दाखवत आहेत. कागद तुमच्या वार्ताहराने पाहिला होता का, एवढेच मला विचारायचे आहे.

आता आमच्या घरचे सांगतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गटाराच्या कामाला आलेल्या जेसीबीने आमच्या गल्लीतली पाइपलाइन फोडली. दोन दिवस खड्डा तसाच होता आणि त्यात गटाराचे पाणी भरले होते. तिसऱ्या दिवशी जोड मारून माती लोटली. त्यानंतरच्या दोन्ही खेपांना नळाला जे पाणी आले ते गढूळ होते, त्याला वास येत होता. तक्रार केली तेव्हा ‘थोडा वेळ नळ सोडून द्या, साफ येईल’ असे उत्तर मिळाले. दर पाचव्या दिवशी तासभर येणारे पाणी सोडून द्यायचे कोणी? लोकांनी फडक्यातून गाळले, तुरटी फिरवली, हंडे भरून ठेवले. आमच्या घरीही तेच केले. मी घरात असताना, सगळे समजत असताना ते पाणी उकळून घ्यायला लावले नाही, याची बोचणी मला आहे.

जुलैच्या अखेरीस धाकट्या सुनेला मळमळ सुरू झाली. तिला सातवा महिना होता, म्हणून आधी कोणाला वेगळे काही वाटले नाही. चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसले. सोलापूरला नेले. रक्त तपासल्यावर हिपॅटायटिस ई निघाला. ही कावीळ इतरांना बहुतेक वेळा अंथरुणावर पाडून सोडून देते, पण गरोदर बाईच्या शेवटच्या महिन्यांत ती जिवावर उठते. हे मी स्वतः आशाताईंच्या बैठकांमध्ये किती वेळा सांगितले असेल. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. बाळंतपण दिवस भरण्याआधीच झाले. बाळ पावणेदोन किलोचे, काचेच्या पेटीत ठेवावे लागले. आता दोघे घरी आहेत. देवाची कृपा, आणि त्या डॉक्टरांची. आमच्या गल्लीत आणखी चार घरांत कावीळ झाली. त्यातल्या एका घराने कावीळ उतरवून घेण्यात आठ दिवस घालवले आणि मग दवाखाना गाठला.

ऑगस्टमध्ये मी सगळे कागद घेऊन कार्यालयात गेलो. आधी सांगितले, तुमच्या घरातली पाइप खराब असेल. मग सांगितले, बाहेरचे काही खाल्ले असेल. सात महिन्यांची पोटुशी बाई उंबऱ्याबाहेर कुठे काय खाणार? शेवटी सांगितले की आम्ही नमुना घेतला आहे आणि तो चांगला आला आहे. कालच्या बातमीतला नमुना तो हाच असावा, असा माझा अंदाज आहे.

हा नमुना चांगलाच येणार होता. कावीळ पाणी प्यायल्याबरोबर दिसत नाही. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन आठवडे ते दोन महिने लागू शकतात. ज्या पाण्याने माझी सून आजारी पडली ते जूनमध्ये आले आणि गेले. ऑगस्टमधल्या बाटलीत ते कसे सापडेल? शिवाय जंतूंच्या तपासणीत कोलिफॉर्म जिवाणू (पाण्यात मैला मिसळल्याची खूण) शोधतात, काविळीचा विषाणू त्यात दिसत नाही. आणि तक्रारी आल्यावर टाकीत टीसीएलचा डोस वाढवतात, हे मी नोकरीत असताना पाहिले आहे. डोस वाढवणे योग्यच आहे. पण त्या दिवशीचा नमुना घेऊन मागच्या दोन महिन्यांचे पाणी शुद्ध होते असे म्हणणे योग्य नाही.

दुसरे, नमुना बहुधा टाकीखालच्या नळाचा घेतात. तिथे पाणी चांगले असतेच. बिघडते ते पुढे. आपल्या भागात उजनी धरणाच्या कालव्याला आवर्तन (शेतीच्या पाण्याची पाळी) सुटते तेव्हा ते यशस्वी झाले की नाही हे कोण सांगतो? टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटचा शेतकरी सांगतो. हेडला, म्हणजे सुरुवातीला, कालवा तुडुंब वाहत असतो, त्यावरून काही कळत नाही. नळाचेही तसेच आहे. आमच्या भागात पाणी चार दिवस बंद असते. तेवढा काळ पाइप रिकामी, आणि कित्येक ठिकाणी ती गटाराला लागून किंवा गटारातूनच गेलेली आहे. पाइप भरलेली आणि दाबाखाली असते तोवर गळतीतून पाणी बाहेर येते. दाब गेला की त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात नळाला थेट मोटार लावणारे आपलेच लोक आहेत. मोटार चालू झाली की पाइपमध्ये ओढ निर्माण होते आणि शेजारच्या गटारातले पाणी सगळ्यांच्या नळात येते. माझ्या गल्लीत सहा मोटारी आहेत. त्या लावणाऱ्यांची नावे मला माहीत आहेत, त्यांना मी तोंडावर बोललो आहे आणि त्यांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक १०५००. त्यानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५. ‘शिल्लक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टाकीत किती टाकला याला महत्त्व नाही, घाण मारून झाल्यावर घरापर्यंत किती उरला ते पाहायचे. उजनीत पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येऊन साठते, उन्हाळ्यात पाणी हिरवे दिसते, हे तुमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. असल्या पाण्यात क्लोरीन लवकर खर्ची पडतो. टीसीएलची पोती ओलीत, तोंड उघडे ठेवून पडलेली असतील तर त्यांतला क्लोरीन आधीच उडालेला असतो. ताज्या पावडरीत तो ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, ओलीतल्या पोत्यात तो बराच कमी होतो आणि डोस मात्र पोत्यावरच्या आकड्याप्रमाणे मोजतात.

गेल्या सहा खेपांपासून मी स्वतः ओटी घेतो आहे. परीक्षानळीत नळाचे पाणी घ्यायचे, ओटीचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते, जितका जास्त तितका गडद. माझ्या नळाच्या पाण्याला सहापैकी चार वेळा काहीच रंग आला नाही. तारीख आणि वेळ घालून वहीत लिहून ठेवले आहे. हेच पाणी टाकीजवळ राहणाऱ्या माझ्या मित्राच्या घरी पिवळे होते. मधल्या सव्वा किलोमीटरमध्ये काय होते, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

वॉलमनवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहितो. कंत्राटावरचा पोरगा पहाटे तीनला उठून वॉल्व्ह फिरवतो आणि लोकांच्या शिव्या खातो. गळती कुठे कुठे आहे हे त्याला तोंडपाठ आहे. त्याला कोणी विचारत नाही.

पुण्यात २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याचा विषय सगळ्या वर्तमानपत्रांत रोज पहिल्या पानावर होता. तो असायलाच हवा होता. आमच्या गल्लीतल्या पाच काविळींची मात्र एक ओळही कुठे आली नाही. थेट आली ती कालची बातमी, घाबरू नका म्हणणारी.

आता गल्लीत ज्याला परवडते तो २० लिटरचा जार घेतो. त्या जारवर ना आयएसआयचे चिन्ह, ना सील, ना तारीख. ते पाणी कोण तपासते? आणि ज्यांना जार परवडत नाही ते नळाचेच पितात. त्यात आमच्या मागच्या बाजूला राहणारी ऊसतोड मजुरांची घरे आहेत. तिथेही दोघी गरोदर आहेत. मी जाऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगून आलो. एकीने विचारले, काका, सरपण कुठलं आणू?

लिहायला घेतलेच आहे तर आणखी एक. सून दवाखान्यात असताना घरी पाणीपट्टीच्या थकबाकीची नोटीस आली. पाणीपट्टी वर्षाच्या ३६५ दिवसांची घेतात. पाणी येते त्यातल्या ७०-७५ दिवस, तेही तासभर. मी एकही वर्ष पट्टी बुडवली नाही. या वर्षी दवाखान्याच्या खर्चामुळे दोन महिने उशीर झाला, तर नळ तोडण्याची भाषा नोटिशीत होती.

माझी मागणी मोठी नाही. नवी योजना, नवी टाकी हे होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक खेपेला प्रत्येक ओळीच्या शेवटच्या नळावर ओटी घ्यावी आणि ठिकाण, तारीख, क्लोरीन लिहून कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावावे. याला फारसा पैसा लागत नाही. आम्ही खेड्यात हे करत होतो. आणि तुम्ही पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा नमुना कुठला, एवढे त्यात असू द्या.

आमच्या ओळीला पुढचे पाणी शनिवारी पहाटे सव्वातीनला सुटेल. तुमच्या वार्ताहरांना यायचे असेल तर मी जागा असेन. बाळामुळे तसेही घर त्या वेळी जागेच असते. ओटीची बाटली आणि वही माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक, जि. सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे. छापू नये.)