अविनाशला, एका ‘युद्धखोर’ डॉक्टरविषयी

रॉकव्हिल, मेरीलँड
रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

चार्ल्स क्राउटहॅमर या अमेरिकन स्तंभलेखकाचा लेख तुला पाठवला, त्यावर तुझा एका ओळीत निकाल आला: ‘युद्धखोर माणूस आहे, पुन्हा पाठवू नकोस.’ युद्धखोर म्हणालास त्याला माझी हरकत नाही, त्यावर पुढे येतोच. पण हा मनुष्य तुझ्याच धंद्यातला, मनोविकारतज्ज्ञ, हे तुला बहुतेक ठाऊक नसावं. तेव्हा एवढं पत्र वाच आणि मग खुशाल शिव्या घाल.

जन्म १९५० चा, न्यूयॉर्कचा. वाढला मात्र कॅनडात, माँट्रियलला. वडील मूळचे आजच्या युक्रेनमधले, आई बेल्जियमची, घरात बोलणं फ्रेंचमध्ये. घर कर्मठ ज्यू, आणि पोराला तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ आलाच पाहिजे हा वडिलांचा हट्ट. पुढे तो स्वतः काही देवभक्त राहिला नाही. देवावर माझा विश्वास नाही, पण त्याला मी भितो मात्र फार, असं म्हणायचा. ऑक्सफर्डला राज्यशास्त्र शिकला, तिथे रॉबिन नावाची ऑस्ट्रेलियन मुलगी भेटली, तिच्याशीच लग्न केलं. मग राजकारणाची पुस्तकं बाजूला सारून हार्वर्डला डॉक्टरकीला गेला.

१९७२ साली, वय बावीस, मेडिकलचं पहिलंच वर्ष. पोहायला गेला असताना फळीवरून सूर मारला आणि डोकं तळाला आपटलं. डोक्याला साधं खरचटलंसुद्धा नाही, पण सगळा जोर मानेच्या एका मणक्यावर गेला आणि मज्जारज्जू तुटला. मागाहून काठावरचं त्याचं सामान गोळा केलं, त्यात दोन पुस्तकं निघाली. एक आंद्रे मालरोची कादंबरी, आणि दुसरं मज्जारज्जूच्या रचनेवरचं! दिवाळी अंकातल्या कथेत कुणी असं लिहिलं असतं, तर आपण दोघांनी नाकं मुरडली असती.

चौदा महिने हॉस्पिटलात काढले. कॉलेजातले हर्मन लिस्को म्हणून एक प्राध्यापक त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याचा अभ्यास खाटेवरूनच चालू राहील असं बघितलं. १९७५ ला तो आपल्या मूळच्याच बॅचबरोबर डॉक्टर झाला. मग मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागाचा चीफ रेसिडेंट. १९७८ मध्ये जेराल्ड क्लेरमनबरोबर त्याने ‘सेकंडरी मेनिया’वर शोधनिबंध लिहिला. मेनिया, म्हणजे मनाचा अतिउत्साही उन्माद, दिसला की बायपोलर म्हणून मोकळं होऊ नका, त्याच्यामागे एखादं औषध, संसर्ग, मेंदूतली गाठही असू शकते, असा त्याचा मुद्दा. ते क्राउटहॅमर आणि हे क्राउटहॅमर एकच रे बाबा.

त्याच वर्षी तो कार्टर सरकारच्या मानसोपचार संशोधनाच्या कामावर वॉशिंग्टनला आला आणि इथल्या हवेने बिघडला म्हण हवं तर. १९८० मध्ये उपाध्यक्ष मॉन्डेल यांची भाषणं लिहून दिली, म्हणजे पक्का डेमोक्रॅट. पुढच्या जानेवारीत रेगन अध्यक्षपदाची शपथ घेत होते त्याच दिवशी हा ‘न्यू रिपब्लिक’ मासिकात कामाला लागला. पुढच्या काही वर्षांत उजवीकडे सरकत गेला. मॉन्डेलपासून फॉक्स न्यूजसारख्या उजव्या वाहिनीपर्यंत कसे पोचलात, असं विचारलं की म्हणायचा, मीही एके काळी तरुण होतो. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधला साप्ताहिक स्तंभ, १९८७ चं पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक, नंतर शेकडो वर्तमानपत्रांत एकाच वेळी छापून येणं, हे सगळं ओघाने आलंच. इथे आल्यापासून शुक्रवारी सकाळी मी आधी त्याचं पान उघडायचो. अर्ध्या वेळा चहा गार व्हायचा तो चिडण्यात.

आता खुर्चीबद्दल. इतकी वर्षं चाकाच्या खुर्चीत बसून लिहिलं, हाताने चालवता येईल अशी गाडी करून घेऊन स्वतः चालवत कामाला गेला, पण खुर्चीचं भांडवल त्याने केलं नाही. टीव्हीवर बघणाऱ्या कित्येकांना ती असल्याचं माहीतच नव्हतं. ज्या मोजक्या वेळी त्या विषयावर लिहिलं, तेव्हा मात्र भल्याभल्यांची बोलती बंद केली. २००० साली सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी टीव्हीवर एक जाहिरात आली होती. घोड्यावरून पडून लुळा झालेला सुपरमॅनवाला क्रिस्टोफर रीव्ह संगणकाच्या करामतीने उठून चालताना दाखवला होता. सगळा देश गहिवरला. हा एकटा खवळला. ‘टाइम’मध्ये त्याने लिहिलं की नुकताच अपघात झालेला पोरगा हे बघून चमत्काराच्या दिवसासाठी पायांची तयारी करत बसेल, त्याने ते तास वाचण्यात, शिकण्यात, चालून येणाऱ्या कामासाठी तयार होण्यात घालवायला हवेत. २००४ मध्ये रीव्ह वारला आणि दुसऱ्याच दिवशी डेमोक्रॅट्सचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार जॉन एडवर्ड्सने प्रचारात सांगितलं, अध्यक्षपदाचे उमेदवार केरी निवडून आले तर रीव्हसारखी माणसं खुर्चीतून उठून चालतील. तेव्हाचा त्याचा स्तंभ वाचच. रुग्णाला खोटी आशा विकणाऱ्या पुढाऱ्याची इतकी कडक हजेरी मी दुसरीकडे वाचलेली नाही. हे असं बोलायला तोंड लागतं, आणि ते त्याच्याकडेच होतं.

म्हणूनच २००३ च्या इराक युद्धाला त्याने दिलेल्या पाठिंब्याचं मला कोडं पडतं. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत ‘होणार नाही ते होणार नाही’ म्हणणारा हा डॉक्टर, एका परक्या देशाची हुकूमशाही कापून काढली की लोकशाही आपोआप रुजेल असं मात्र धरून चालला. सोव्हिएत संघ खिळखिळा झाला तेव्हा, १९९० मध्ये, त्याने जग आता एकध्रुवीय झालं, म्हणजे अमेरिका ही एकच महासत्ता उरली, असं ठासून मांडलं होतं. तो अंदाज बरोबर आला, आणि मला वाटतं तिथूनच त्याची नजर फसली. एकाच्या हातात इतकी ताकद आली की काहीही दुरुस्त होतं, असं त्याला वाटायला लागलं. एप्रिल २००३ मध्ये तो म्हणाला होता, इराकची महासंहारक शस्त्रं शोधायला आम्हाला पाचच आठवडे मिळालेत, पाच महिन्यांनी विचारा. तेव्हाही सापडली नाहीत तर आमच्या विश्वासार्हतेचा प्रश्न येईल. पाच महिने गेले, शस्त्रं निघाली नाहीत, पण युद्धाची बाजू त्याने सोडली नाही. पुढे सारा दोष लवकर सैन्य मागे घेणाऱ्या ओबामांच्या माथी मारला. इथे तू म्हणतोस ते शंभर टक्के.

इस्राएलबद्दलही तो कडवाच, पण तिथे मला त्याचं दुखणं कळतं. १९९८ मध्ये, त्या देशाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्याने एक दीर्घ निबंध लिहिला. बाहेरच्या देशांतले ज्यू मिश्र विवाहांत, सुखवस्तूपणात विरघळत चाललेत. उरलेल्यांचं भवितव्य आता एका चिमुकल्या भूमीवर एकवटलंय, आणि ती गेली तर सगळंच गेलं. गर्वापेक्षा धास्ती जास्त आहे त्यात. इस्राएल आणि पॅलेस्टिनींमधल्या ऑस्लो शांतता करारावर त्याने एवढी आग का पाखडली, ते हा निबंध वाचल्यावर समजतं. पटत नाही, समजतं. दुसरीकडे तोच माणूस बायकोबरोबर विस्मृतीत गेलेलं ज्यू अभिजात संगीत वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर या कलागृहात वाजवण्याचा उद्योग करत होता.

आणि कळपातला तो नव्हताच. फाशीच्या विरोधात होता. शाळेत उत्क्रांतीच्या जोडीला दैवी रचना शिकवा म्हणणाऱ्या आपल्याच पक्षाच्या लोकांना त्याने झोडपलं. २०१६ मध्ये हिलरी आणि ट्रम्प, दोघांनाही मत देणार नाही असं लिहून मोकळा झाला. फॉक्सवर बसून!

ऑगस्ट २०१७ मध्ये पोटातली कॅन्सरची गाठ काढली. ८ जून २०१८ ला वाचकांना छोटं पत्र लिहिलं, की आजार उलटलाय, काही आठवडेच उरलेत आणि कसलीच खंत नाही. २१ तारखेला गेला, ६८ व्या वर्षी.

तर असं आहे. इराकवर तुझ्याशी मी भांडत नाही. रीव्हवरचे ते दोन्ही लेख सोबत पाठवतोय. तुझ्या ओपीडीत मणका मोडलेली पोरं आणि त्यांचे आईबाप येतात, त्यांना तू काय सांगतोस, आशा किती ठेवायला लावतोस, ते मला कळव. सवडीने, पण कागदावर लिहून. फोनवर तू विषय बदलतोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत