१४ एप्रिल १९४४ : मेलेल्यांची यादी कधी होणार? बंदर मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. भायखळ्याला मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात, १९४४ साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात कामी आलेल्या ६६ जवानांच्या स्मारकाला मानवंदना दिली जाते. ती दिलीच पाहिजे. जहाजात काय भरलंय हे कळल्यावरही ते लोक जागचे हलले नव्हते. माझं हे पत्र मात्र त्याच दुपारी, त्याच बंदरात मेलेल्या गोदी कामगारांविषयी आहे. त्यांचा आकडासुद्धा अजून पक्का नाही.

जुन्या मुंबईकरांना 'गोदीतला स्फोट' एवढे दोन शब्द पुरतात. पण ती पिढी आता जवळजवळ सरली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, लढाऊ विमानं होती आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, वंगण तेलाची पिंपं, लाकूड, भंगार, गंधक आणि मासळीचं खत भरलं गेलं. कप्तान नेस्मिथ यांनी या भरतीला हरकत घेतली होती. पण युद्धाचे दिवस होते, जहाजं कमी होती, कुणी ऐकलं नाही. १२ एप्रिलला जहाज मुंबईला व्हिक्टोरिया गोदीत लागलं. धोक्याचा माल असल्याचा लाल बावटा त्यावर चढवलेला नव्हता.

शुक्रवारी, १४ तारखेला, जेवणाच्या सुट्टीनंतर दोन नंबरच्या होल्डमधून, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल भरायच्या कोठारातून, धूर येताना कामगारांना दिसला. त्या होल्डमध्ये तळाला कापूस होता आणि वरच्या टप्प्यात स्फोटकं. बंबवाल्यांनी आत ९०० टनांहून जास्त पाणी सोडलं. आग नेमकी कुठे आहे ते कुणालाच दिसत नव्हतं आणि पाणी चढत गेलं तसा पेटता कापूस त्यावर तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेने सरकत गेला. विझवायला ओतलेल्या पाण्यानेच आग वर उचलली, हे मला प्रत्येक वेळी वाचताना अस्वस्थ करतं. धक्क्यावर कप्तान होते, गोदीचे व्यवस्थापक होते, दारूगोळ्याचे लष्करी अधिकारी होते, अग्निशमन दलाचे प्रमुख होते. जहाज ओढून समुद्रात न्यावं की जागीच बुडवावं, यावर बोलणं होत राहिलं. अखेरचा शब्द कुणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा.

शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाचं सुमारे चार हजार टनांचं जहाज, त्याची मागची बाजू उचलली जाऊन धक्क्यावरच्या शेडवर आदळलं. पेटता कापूस आणि तेल आकाशातून मांडवी, मशीद बंदर भागातल्या वखारींवर आणि चाळींवर पडलं. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. सुमारे ८० हजार माणसं बेघर झाली. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळालं, तेही बंगालच्या दुष्काळानंतर वर्ष उलटायच्या आत. युद्धकाळातल्या सेन्सॉरने बातमी दाबून धरली, त्यामुळे गावोगावच्या घरांना काय झालं ते कळलं ते पळून आलेल्या चाकरमान्यांच्या तोंडून. पुढे आठ हजार माणसं सात महिने राबली आणि सुमारे पाच लाख टन राडारोडा उपसून गोदी पुन्हा उभी केली.

आता माझ्या मुद्द्यावर येते. जहाजावरचं सोनं ३१ पेट्यांत होतं, एकेका पेटीत ४ विटा, म्हणजे एकंदर १२४. हे आज कुणीही सांगू शकतं. एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती परत केली, ९९९ रुपयांचं बक्षीस मिळालं आणि तेही त्यांनी मदतनिधीला दिलं. पुढे कित्येक दशकं गाळ काढताना एखादी वीट हाती लागली की तिची बातमी व्हायची. माणसांचं मात्र असं आहे : बंदर आणि अग्निशमन सेवेतले मिळून २३१, इतर नागरिक ५०० हून अधिक, आणि काही अंदाजांप्रमाणे एकूण १,३०० पर्यंत. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज आणि या अंदाजात पाचशेहून जास्त माणसांचं अंतर आहे, मंत्रिमहोदय. एवढ्यात आमच्याकडची दोन-तीन गावं मावतील.

हे अंतर का पडलं त्याचं कारण गूढ नाही. त्या काळी गोदीतलं बरंचसं काम टोळीवर चालायचं. टोळीवाला सकाळी माणसं उचलायचा, काम संपलं की रोज हातावर ठेवायचा. कामगाराचं नाव त्याच्या डोक्यात असायचं, फार तर त्याच्या वहीत. कायम नोकरीतला माणूस गेला तर हजेरीपटावर त्याची जागा रिकामी दिसते. टोळीतला गेला आणि त्याच्याबरोबर टोळीवालाही गेला, तर तो माणूस तिथे होता हे सांगायला कोण उरलं? गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा आला तो १९४८ साली.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ अशाच एका टोळीत होते. घरात त्यांना अण्णा म्हणत. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव, डोंगरीला आठ-दहा जणांत एक खोली. अण्णा त्या दिवशी दुपारच्या कामाला गेले आणि आलेच नाहीत. आजोबांनी इस्पितळं पालथी घातली, प्रेतं पाहिली. आजी सांगायची, ते आठ दिवसांनी गावी आले तेव्हा त्यांच्या कपड्यांना जळक्या कापसाचा वास होता आणि हातात अण्णांचा पितळी डबा होता, खोलीवर राहिलेला, घासून पुसून ठेवलेला.

प्रेत नाही, म्हणजे मरण नाही. मोठी आजी, म्हणजे अण्णांची बायको, बारा वर्षं कुंकू लावत होती. एस.टी. तिठ्यावर थांबली की ओट्यावरून उठून बघायची. १९५६ साली घरच्यांनी पालाशविधी केला, पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी दिला, आणि त्या दिवशी तिने कुंकू पुसलं. नुकसानभरपाईसाठी सरकारने १९४४ सालीच वटहुकूम काढला होता. आजोबा मुंबईतल्या एका कचेरीत चार वेळा जाऊन आले. माणूस तिथे कामाला होता याचा दाखला आणा, असं त्यांना सांगण्यात आलं. दाखला देणारा मुकादम अण्णांच्याच शेजारी उभा असणार.

दोन वर्षांपूर्वी मीही एका कार्यालयात अर्ज करून त्या स्फोटात मेलेल्या कामगारांची यादी मागितली. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, यादी मिळाली नाही. समोरच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, इतकं जुनं कोण काढणार?"

ते आपण काढावं, अशी माझी विनंती आहे. काम अवघड आहे, अशक्य नाही. १९४४ च्या भरपाईच्या दाव्यांची कागदपत्रं आहेत. ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांचीही नावं त्यांत असायला हवीत, किंबहुना तीच आधी पाहावीत. त्या दिवसांतली इस्पितळांची रजिस्टरं, स्मशानांच्या आणि कबरस्तानांच्या वह्या, पोलिसांकडच्या बेपत्ता माणसांच्या नोंदी हे सगळं एकत्र लावून पाहिलं पाहिजे. आणि गावांना विचारा. कोकणात, घाटावर अशी घरं अजून आहेत जिथे 'गोदीत गेला' एवढंच एका पूर्वजाबद्दल सांगितलं जातं. वर्तमानपत्रांतून, ग्रामपंचायतींतून आवाहन करा. आज हे सांगू शकणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत, म्हणून घाई आहे.

घाईचं दुसरंही कारण आहे. १८८८ साली सुरू झालेली व्हिक्टोरिया गोदी आणि तिच्या शेजारची प्रिन्सेस गोदी, दोन्ही आता भरून टाकल्या आहेत. जिथे 'फोर्ट स्टिकिन' उभं होतं तिथे पाणीच उरलेलं नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या विकासाचे आराखडे होत आहेत, उद्या तिथे काहीही उभं राहील. माझा त्याला विरोध नाही. फक्त त्या आराखड्यात, जिथे सर्वसामान्य माणूस पास न काढता जाऊ शकेल अशा ठिकाणी, या नावांसाठी एक भिंत राखून ठेवा. ज्याचं नाव मिळणार नाही त्याचं गाव लिहा, गावही मिळालं नाही तर नुसती एक ओळ रिकामी सोडा, म्हणजे पुढे कुणी नाव घेऊन आलं तर जागा असेल. बाहेरच्या रस्त्याला गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचं नाव आहेच. त्या रस्त्यावरून आत वळलं की ही भिंत दिसावी.

आपल्या खात्याने यादी करायला घेतली, तर पहिली नोंद मी देते. पूर्ण नाव सोबतच्या पाकिटात आहे. वय २६, मूळ गाव संगमेश्वर तालुका, जिल्हा रत्नागिरी, काम व्हिक्टोरिया गोदीत टोळीवर. डबा माझ्याकडे आहे. हवा असेल तर तोही आणून देईन.

आपली,
एका गोदी कामगाराची नात