पाच पूर्णांक तीन ग्रेन

प्रिय मित्रा,

किती महिने झाले पत्र नाही, हे मोजत बसू नकोस, मी मोजलेत. आमच्याकडे सगळे बरे. पाठ अधूनमधून बोलते, चष्म्याचा नंबर पाव ने वाढलाय, पण नळीच्या टोकाची माशी अजून स्वच्छ दिसते. तब्येतीचं एवढं पुरे.

एक गोष्ट घडलीय. घरात सांगितली, पण हिला फक्त "तुला काही झालं नाही ना?" एवढंच विचारता आलं, आणि तिच्या जागी ते बरोबरच आहे. क्लबातल्या आपल्या दाढीला सांगितली तर त्याने पाठीवर थाप मारली. म्हणून तुला लिहितोय.

क्लबची सेंटर फायर मॅच होती. मी नेहमीप्रमाणे सहा इंची नळीचं रिव्हॉल्व्हर घेऊन, माझ्याच हातांनी भरलेल्या पॉइंट अडतीसच्या, सपाट तोंडाच्या वॉडकटर गोळ्या. प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेमाची फेरी, चांगली गेली, शेवटच्या पाचात चार दहा. मग रॅपिड, टार्गेट वळून समोर येईल तेवढ्यात एकच गोळी, मग सात सेकंद पाठ. तिसऱ्या मालिकेतली चौथी गोळी. टार्गेट वळलं, हात वर गेला, माशी खाचेत बसली, ट्रिगर सुटला आणि धक्काच नाही. कानावर मफ, आत बोळे, त्यातून नुसतं 'फुस्' ऐकू आल्यासारखं वाटलं. टार्गेट फिरून गेलं. आता पुढचे सात सेकंद.

त्या सात सेकंदांत मी काय केलं माहितेय? हात पंचेचाळीस अंशांवर खाली आणला आणि अंगठ्याने हॅमर मागे ओढला. विचार न करता. इतकी वर्षं तेच केलंय ना! सिलिंडर फिरला, पाचवं काडतूस नळीच्या मागे येऊन बसलं. पिस्तूल असतं तर तिथेच अडकलं असतं. एवढ्या कमी जोरावर स्लाइड मागे गेलीच नसती. रिव्हॉल्व्हर मात्र अडत नाही. बोटाच्या ताकदीवर चालतं ते, मागच्या गोळीचं काय झालं याची त्याला फिकीर नाही. पुढची गोळी नळीत अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळली असती.

टार्गेट परत वळायच्या आत मागून आवाज आला, "काका, थांबा! हलकी होती!"

कोण असेल? तुझा तो शिष्य. माझ्या मागे बसून गुण लिहीत होता. आठवतंय, पोरांना तू फायरिंग लाइनच्या मागे डोळे मिटून बसवायचास आणि विचारायचास, यातली हलकी कुठली, जड कुठली? मी तेव्हा तुला म्हणालो होतो की हे नेमबाज आहेत, तबलजी नाहीत. तू रागावला होतास. आज ते शब्द मागे घेतो, सगळेच्या सगळे.

बोट बाहेर, नळी खाली, सिलिंडर उघडून रिकामा. वरून पितळी सळई घातली तर नळीच्या मागच्या टोकाच्या कोनाच्या पुढे इंचभर आत अडली. शिसं मऊ, लाकडी हातोडीच्या चार ठोक्यांत गोळी निघाली. नियमात हा मान्य बिघाड आहे, मालिका पुरी करता आली असती. पण मी सामान आवरलं. पुंगळी हातात घेऊन पाहिली, आतून लखलखीत होती. न जळलेल्या पावडरचा एक कण नाही. म्हणजे पावडर पडलीच नव्हती. एकट्या प्रायमरने, तळाच्या त्या ठिणगीच्या टोपीने, गोळी पुंगळीतून नळीत ढकलली होती.

इथपर्यंतचं कुणालाही सांगता येतं. पुढचं तुलाच.

गाडीत बसलो आणि डोक्यात आलं: एक पुंगळी रिकामी गेली, तर तिच्या वाटची पावडर कुठे गेली?

तुला समजलं असेल. पावडर चपट्या पापडीची, टाकायची तीन ग्रेनच्याही आत. सोनाराच्या भाषेत दीड गुंजसुद्धा नाही. शहाण्णव गुंजांचा तोळा, म्हणजे एकशे ऐंशी ग्रेन, हा हिशेब आपले सर फळ्यावर काढून दाखवायचे. एवढीशी पावडर अरुंद नळीतून उतरताना पापड्या एकमेकींत अडकतात, कमान धरतात. एकीला काही मिळत नाही आणि पुढच्या दांड्याच्या झटक्याला कमान मोडते, मग दोघींचं एकीत. बरं, अडतीसची पुंगळी मुळात काळ्या पावडरच्या काळातली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, म्हणून ऐसपैस. दुप्पट पडलं तरी आत निवांत मावतं, वरून गोळी बसते आणि तोंडाशी सपाट होऊन जाते. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

प्रत्येक पुंगळीत डोकावूनच गोळी ठेवायची, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या रात्री काडतुसं भरायच्या प्रेसवरचा छोटा दिवा गेला होता. उद्या बदलू म्हटलं. वरच्या ट्यूबलाइटमध्ये पुंगळीच्या तळाशी माझ्याच हाताची सावली पडत होती आणि मी हाताच्या लयीवर विश्वास ठेवून दोनशे भरली. तुला ती लय ठाऊक आहे. दांडा खाली, दांडा वर, प्रायमर बसल्याचा तळव्याला जाणवणारा तो बारीक दाब, धुऊन चकचकीत केलेलं पितळ डब्यात पडल्याचा आवाज. दिवसभराचं सगळं मिटतं तिथे. त्या सुखातच मी आंधळा झालो.

दोनशेंपैकी शंभर माझ्या डब्यात. आणि शंभर मी चिमणीला दिली होती.

हो. दिली. ओरडू नकोस, पुढे वाच.

पोरगी गेलं वर्षभर जीव तोडून मेहनत करतेय. क्लबच्या रिव्हॉल्व्हरवर तिला मिळेल त्या गोळ्या मारायला लागायच्या, आज या, उद्या त्या, गट कधी डावीकडे कधी खाली. माझ्या गोळ्यांनी टेकून मारलेल्या पाच एका अंगठ्याच्या नखाखाली झाकतात. म्हटलं, दहाचं वर्तुळ पाच सेंटीमीटरचं, गोळीच्या चुकीने तरी पोरीचे गुण जाऊ नयेत. हे कारण खरं आहे. आणि ती "काका, तुमच्या गोळ्या काय गोड जातात!" म्हणाली की मला आठवडाभर बरं वाटायचं, हेही तितकंच खरं आहे.

त्याच रात्री तिच्या घरी गेलो. विचारलं, किती मारल्यास? म्हणाली, एक्केचाळीस. उरलेल्या एकोणसाठ परत घेतल्या. तिने विचारलं, का? मी म्हणालो, काडतुसाची लांबी जरा बदलायचीय. सरळ खोटं बोललो, मित्रा. त्या पोरीच्या तोंडावर.

घरी येऊन आधी भरलेली काडतुसंच काट्यावर ठेवून पाहिली, जड कुठलं ते सापडेल म्हणून. पण वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्याच वजनात तीन-चार ग्रेनचा फरक, शिशाच्या गोळीत आणखी एखादा. त्यात पावणेतीन ग्रेनची चूक शोधणं म्हणजे पावसात घाम शोधणं. कान लावून हलवूनही पाहिली. मग गोळी उपसायचा पुलर हातोडा काढला. माझ्या सेहेचाळीस, तिच्या एकोणसाठ, एकूण एकशे पाच. फरशीवर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोक, ठोक, ठोक. दुसऱ्या रात्री ही येऊन म्हणाली, भिंत पाडायची असेल तर आधी फोटो तरी काढून घेते. मला हसू आलं आणि मग एकदम घशाशी काहीतरी आलं. तिला कळलं असावं. शेजारी बसून सुट्या पुंगळ्या ओळीत लावत राहिली.

माझ्या सेहेचाळीसमध्ये काही नव्हतं. सगळ्या दोन पूर्णांक सहा, सात, आठ. मग तिचा डबा. अडतिसावी. गोळी सुटली आणि पावडर वाटीत पडतानाच आवाज निराळा वाटला. काट्यावर ओतली.

पाच पूर्णांक तीन.

काटा शून्यावर आणला, तपासणीचं वजन ठेवून पाहिलं, परत ओतली. पाच पूर्णांक तीन. तिसऱ्यांदाही तेच.

एवढ्याने ते रिव्हॉल्व्हर फुटलं असतं का? कदाचित नसतं. कदाचित चेंबर फुगलं असतं, कदाचित सिलिंडरवरची पट्टी उडाली असती. क्लबचं जुनं रिव्हॉल्व्हर, किती जणांनी काय काय घालून चालवलेलं, देव जाणे. त्या 'कदाचित'च्या पलीकडे तिचा उजवा हात होता. सर आपल्याला ताकाचची गोष्ट सांगायचे ना, हंगेरीचा कारोली ताकाच, 1938 साली ग्रेनेड हातात फुटला, उजवा हात निकामी झाला, डाव्याने शिकला आणि 1948 ला लंडनमध्ये, 1952 ला हेलसिंकीत सुवर्णपदक. आपण दोघं ती ऐकून रात्र रात्र गोळीविना कोरडा सराव करायचो. परवा ती गोष्ट आठवली तर पदकं आठवेनात. नुसता हात डोळ्यांसमोर येत राहिला.

आता तुझं नि माझं जुनं भांडण.

बारा वर्षांपूर्वी तुझ्या वाढदिवसाला मी पन्नास काडतुसं भरून आणली होती. डब्यावर तुझं नाव, आत एकेक पुंगळी घासून पुसून. तू डबा उघडलास, बघितलास, बंद केलास आणि परत माझ्या हातात दिलास. म्हणालास, "दुसऱ्याने भरलेलं मी चालवत नाही, मी भरलेलं कुणाला देत नाही." बस्स, एवढंच. मी आठ महिने तुझ्याशी बोललो नाही. सरांनी मध्ये पडून दोघांना एका लेनवर उभं केलं नसतं तर आजही बोलत नसतो. मला वाटलं होतं, याचा माझ्या हातावर विश्वास नाही. तुझा तुझ्या हातावरही तेवढाच विश्वास होता, हे मला आत्ता कळतंय.

पण तुझ्यावर थोडा राग अजून आहे, तोही लिहून टाकतो. तू समजावून का नाही सांगितलंस? दोन वाक्यं बोलला असतास तर मी चिमणीच्या हातात तो डबा ठेवला नसता.

आता खरा घोर. तिला सांगायचं की नाही?

दाढी म्हणतो, काही झालं नाही ना, मग सोड. दाढीचं काय, त्याने एकदा पाचही गोळ्या शेजाऱ्याच्या टार्गेटवर मारल्या आणि वर त्यालाच म्हणाला, बघ, तुझी दहा भोकं आली, अभिनंदन कर स्वतःचं! त्याच्या जिवाला कशाचाच चटका बसत नाही आणि त्यासाठीच तो मला आवडतो. पण या बाबतीत त्याचं ऐकवत नाही.

भीती वेगळीच आहे. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आलीय. तिचा ट्रिगर आत्ता कुठे सुटायला लागलाय, दचकणं पूर्ण गेलंय. ते घालवायला आम्हाला सात महिने लागले. सिलिंडरमध्ये मधूनच रिकामी पुंगळी लपवायचो, नळी खाली झुकते का बघायला. आता मी हे सांगितलं आणि प्रत्येक गोळीला तिच्या मनात आलं की ही तर नसेल? मग सात महिने पाण्यात. दचकणं एकदा मनगटात शिरलं की काढताना काय होतं ते तू स्वतः भोगलंयस.

चाचणीनंतर सांगावं असं जवळजवळ ठरलं होतं. पण काल ती म्हणाली, "काका, तुमच्याकडे वेळ नसेल तर दाढीकाका भरून देतायत शंभर." इतक्या सहज! आणि का नाही म्हणणार? माझ्या डब्यानेच तिला शिकवलं की दुसऱ्याने भरलेलं घ्यायचं असतं. दाढी दिव्याशिवाय भरणार नाही, चांगला भरतो तो. पण मीही चांगलाच भरत होतो.

म्हणून रविवारी सांगणार आहे. चाचणीच्या आधीच. ती पुंगळी, ती गोळी आणि ती पावडर तीन वेगळ्या डब्यांत ठेवलीय. काटाही नेणार आहे. तिच्याच हातून वजन करून घेईन आणि मग लांबीचं खोटं होतं तेही सांगेन. चाचणीपुरत्या कारखान्याच्या, एकाच लॉटच्या गोळ्या मिळवतोय, दोन ठिकाणी शब्द टाकलाय. दचकायला लागली तर परत कोरड्या सरावापासून सुरुवात करू. तुला हे चुकीचं वाटत असेल तर रविवारच्या आत कळव. तुझं ऐकेन असं वचन देत नाही, पण कळव.

तुझ्या शिष्याला मी काही दिलं नाही अजून. काय द्यावं सुचत नाही. त्याचा कान तुझ्यामुळे तयार झाला, हे त्याच्या वडिलांसमोर सांगितलं, तेव्हा पोरगा लाजून मफ घालून बसला.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, मी फोन करायला हवा होता, माफी त्यांच्याकडे वेगळी मागेन. थोरल्याला नोकरी लागली, खूप आनंद झाला. नवीन घरात प्रेससाठी खोली ठेवलीस का?

आणि हो, तुझं ते जुनं एकेरी प्रेस अजून आहे ना? आणि तो पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा, तू स्वतः ड्रिल केलेला, ज्यात पन्नासही पुंगळ्या उभ्या करून बॅटरी मारून एकदम बघता येतात. एका कोपऱ्यातलं भोक जरा तिरकं गेलंय, तोच. माझं चार स्टेशनांचं मी खोलून ठेवलंय. ठोकळा पाठव, प्रेस पाठवता आलं तर तेही. वजनदार आहे, नीट बांध.

तुझाच.