‘कमी रनिंग’च्या स्पोर्ट्स कारला भुलू नका

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत सेकंडहँड स्पोर्ट्स कार आता आवाक्यात आल्यात असा लेख आला होता, फोटो झकास, ईएमआयचा हिशोबही दिलेला, पण घेण्याआधी बघायचं काय यावर एक ओळ नाही. ओळखीतली पोरं गाडी बघायला जाताना मला सोबत ओढून नेतात म्हणून हे लिहितोय.

‘रनिंग फक्त १८ हजार, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी’ असं वाचलं की लोक तिथेच विरघळतात. फॅमिली कारला कमी रनिंग चांगलंच, पण स्पोर्ट्स कार आपल्याकडे खड्ड्यांच्या आणि स्पीडब्रेकरच्या धास्तीने महिनोन्महिने कव्हर घालून पार्किंगमध्ये पडून असते, आणि उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, टायर कडक होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा, ३२१८ म्हणजे २०१८ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही कोरी दिसली तरी तो बदलायचाच, आणि मोठ्या रिमचे चार टायर कितीला पडतात ते आधी दुकानात विचारून भावातून कापा.

त्याहून महत्त्वाचं, आदल्या मालकाने गाडीला काय काय लावलं होतं आणि विकताना काय काढलं ते शोधा. रीमॅप मारायचा (म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची), एक्झॉस्ट बदलायचा, गाडी मनसोक्त पिळायची आणि विकायच्या वेळी परत सगळं स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तसं करायचं हे सर्रास चालतं. बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे, एअर फिल्टर बॉक्सच्या तुटक्या क्लिपा दिसल्या की सरळ विचारा, लाजू नका. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावाच, पण आदल्या दिवशी ते कोड पुसता येतात, म्हणून लांब चक्कर मारून आल्यावर परत लावा.

जाताना फोनवर सांगा की मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका, आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे दाल में कुछ काला. थंड इंजिन चालू करताना निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. मॅन्युअल असेल तर कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाचा चढ आहेच, चौथ्या गिअरला कमी आरपीएमवर पूर्ण रेस द्या, आरपीएम वर पळाला आणि स्पीड तिथेच राहिला तर क्लच संपला.

चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय पोरांना फार आवडते (तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का हा वाद नंतर), तिच्या १.२ लिटर इंजिनवाल्या मॉडेलचा सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय क्लचवाला, म्हणजे क्लच ऑइलमध्ये न बुडलेला आहे, हायवेला खूष असतो पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रांगून रांगून तापतो. म्हणून टेस्ट ड्राइव्ह पहाटे रिकाम्या रस्त्यावर नको, संध्याकाळी गर्दीत घ्या, पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर आली तर सोडा, गिअरबॉक्स चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. रांजणगावला बनलेली फियाटची अबार्थ पुंटो, १४५ हॉर्सपॉवर, माझी लाडकी, पण फियाटने इथे गाड्या विकणं कधीच बंद केलंय, त्यामुळे हेडलाइट, बंपर, टर्बो कुठून आणि किती दिवसांत मिळणार हे कळल्याशिवाय टोकन देऊ नका.

पाण्यात बुडालेली गाडी वेगळीच डोकेदुखी. २०१९ चा आंबिल ओढा, जुलै २०२४ ला सिंहगड रोडची एकतानगरी, किती गाड्या बुडाल्या आपण बघितलंय आणि त्यातल्या काही पॉलिश होऊन बाजारात आल्याच असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ तिथे राहते. सीटखालचे रेल गंजलेत का बघा, कार्पेट उचलून वास घ्या, परफ्यूमचा घमघमाट असेल तर जास्तच.

कागदांचं थोडक्यात. दिल्ली किंवा पाँडिचेरी पासिंगची गाडी स्वस्त वाटते पण फॉर्म २८ ची एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरून पुण्याचं एमएच १२ पासिंग करेपर्यंत तो स्वस्तपणा उरतो का ते मोजा. लोन असेल तर लोन फिटल्याचं बँकेचं पत्र आणि आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पाहिजे, पेंडिंग ई-चलन ऑनलाइन दिसतात. आणि मालकाचा पत्ता नाही, नुसता एजंट सह्या केलेले फॉर्म २९-३० (गाडी नावावर करायचे) घेऊन उभा असेल तर मी तरी त्या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडत नाही.

– एक वाचक, कोथरूड, पुणे