मोल्सवर्थचा कोश पानाशी ताडून खुला करावा

मा. मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यानिमित्त हाती घ्यायच्या कामांत कॅप्टन जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची नीट तपासलेली, विनामूल्य संगणकीय आवृत्ती असावी, अशी आमची विनंती आहे.

कंपनीच्या फौजेतले मोल्सवर्थ कोवळ्या वयात हिंदुस्थानात आले आणि सोलापूरला असताना मराठी शब्द टिपू लागले. पुढे सरकारी मंजुरी मिळाली, टॉमस व जॉर्ज हे कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी कामाला लागली. १८३१ च्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते. १८३६ मध्ये आजारपणामुळे मोल्सवर्थ मायदेशी गेले. १८५१ मध्ये याच कोशासाठी परतले आणि महाबळेश्वरला राहून १८५७ ची दुसरी आवृत्ती सिद्ध केली. तीत शब्द ६०,००० च्या घरात गेले. ग्रंथांत सहसा न उतरणारी शेताची, चुलीची, भांडणाची मराठी या कोशात आहे. म्हणूनच तो आजही लागतो.

शिकागो विद्यापीठाने हा कोश शोधता येईल असा इंटरनेटवर ठेवला, त्याचे ऋण मोठे आहे. पण शोधताना आजचा वाचक अडतो तो लेखनामुळे. कोशात 'करणें', 'तळें', 'कवि' आहे. आपण 'करणे', 'तळे', 'कवी' लिहितो. यावर सरसकट अनुस्वार काढून टाकणे हा उपाय नव्हे. तसे केले तर 'नांव' आणि होडी या अर्थाची 'नाव' एकच होतील. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवावी आणि तिला आजच्या लेखनाचे वेगळे शोधरूप जोडावे. 'वाऱ्या'मधला ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीत, दोन प्रकारे साठवला जातो. दोन्ही प्रकारांनी शब्द सापडला पाहिजे. यंत्राने वाचलेल्या मजकुरात नोंदीपुढची संस्कृत, फारसी, अरबी ही मूळ दाखवणारी एकाक्षरी खूण सहज गळते आणि शब्दाचे कूळच हरवते. त्यामुळे प्रत्येक पान दोघांनी स्वतंत्रपणे छापील प्रतीशी ताडावे, मतभेद तिसऱ्याने सोडवावा आणि नोंदीशेजारी पानाचे चित्र द्यावे.

आणखी एक. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके आणि त्यांचे सहकारी यांचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' १८२९ पासून छापून येऊ लागला, म्हणजे मोल्सवर्थच्या आधी. तोही याच कामात घ्यावा, दोन्ही कोशांतल्या नोंदी एकमेकींना जोडाव्यात आणि या शास्त्र्यांची नावे मुखपृष्ठावर मोल्सवर्थ-कँडींच्या बरोबरीने छापावीत.

आपले,
मराठी कोशांचे अभ्यासक