मटण सोडणे सोपे
राखेच्या बुधवारनिमित्त, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसानिमित्त, आपल्या अंकातील लेख वाचला. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांचा सगळा भर त्यात मांसाहार वर्ज्य करण्यावरच दिसला. पण त्याच बुधवारी चर्चमध्ये वाचला जाणारा बायबलमधील योएल संदेष्ट्याचा उतारा वस्त्रे नव्हे, अंतःकरण फाडून देवाकडे परत या, असे बजावतो. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय तर अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन, लुबाडलेल्यांना चौपट परत करायला तयार झाला. कॅथलिक शिकवणीनुसारही पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) केले म्हणजे संपले, असे नाही; चोरलेले परत करावे लागते, एखाद्याची बदनामी केली असेल तर ती निस्तरावी लागते. मटण सोडणे त्या मानाने सोपे! लेखात जक्कयाचा साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.

– एक वाचक, वसई